ग्रिसेलची नक्कल

विधवेची काळी टोपी हवी आणि तिचं टोक डावीकडे झुकलेलं हवं, असं हम्फ्रीनं सांगितलं, तेव्हा टॅमसिन एका राजाच्या झग्याची उसवलेली बाही शिवत होती. पेलिकन नाटकगृहाच्या रंगपटात कपडे सांभाळण्याचं काम तिच्याकडे होतं. राण्यांच्या गळपट्ट्यांना खळ द्यायची, कार्डिनलांचे झगे झटकायचे, भोसकून मारलेल्या राजाच्या सदऱ्यावरचं डुकराचं रक्त धुवायचं आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा मरायला तयार ठेवायचा. विधवेची टोपी म्हणजे तिच्या हातचा मळ. पण डावीकडेच का, हे तिला कळेना.

हम्फ्रीलाही माहीत नव्हतं. तो मंडळीतला विदूषक, पन्नाशी ओलांडलेला, पोट सुटलेला. थोराड बायकांची सोंगं त्याच्याच वाट्याला यायची. त्यानं पट्ट्यात खोचलेली कागदाची गुंडाळी काढून दाखवली. अख्खं नाटक हातात कुणालाच मिळत नसे. ज्याची त्याची वाक्यं आणि प्रत्येक वाक्याआधी समोरच्याचे शेवटचे दोनतीन शब्द, एवढंच उतरवून दिलं जाई. त्याला मंडळी नक्कल म्हणत. राजाची भूमिका करणाऱ्याची नक्कल हातभर लांब असे. हम्फ्रीची नायिकेची होती, तरी बोटाएवढी भरली.

"पहिल्या अंकानंतर बाई शुद्धीवरच नाही," तो म्हणाला. "पुढं नुसत्या उचक्या. उचक्या लिहायला कागद कितीसा लागणार?"

टॅमसिननं ती नक्कल घेतली आणि खिडकीपाशी नेऊन वाचली. विधवा, मेणबत्त्यांची दुकानदारीण. टोपी डाव्या कपाळावर ओढलेली. विधवा हसते. विधवेला उचकी. विधवेला उचकी. तिनं सुई झग्यात खोचून ठेवली.

सगळ्या लंडनमध्ये टोपी अशी घालणारी एकच विधवा होती, आणि ती टॅमसिनची थोरली बहीण होती. ग्रिसेलच्या नवऱ्याचा मेणबत्त्यांचा धंदा. एकदा उकळत्या चरबीची कढई कलंडली, ग्रिसेलचं डावं कानशील भाजलं आणि कातडी आवळून तिथं चकाकता डाग राहिला. तेव्हापासून ती टोपीचं टोक डावीकडे वाकवून घालायची. नवरा गेल्यावर दुकान तिनं एकटीनं चालवलं. तिच्या मेणबत्त्या धूर करत नसत, आणि त्यासाठी लोक दोन गल्ल्या ओलांडून यायचे.

त्या उन्हाळ्यात जार्व्हिस टॅलबॉय नावाचा माणूस दुकानात येऊ लागला. रेशमी मोजे, अदबशीर बोलणं, आणि कसलाच उद्योग नाही. सप्टेंबरअखेरच्या मायकेलमासच्या सणाला त्यानं ग्रिसेलला जेवायला म्हणून गिल्बर्ट नावाच्या माणसाच्या खानावळीत नेलं. वाइनमध्ये काय कालवलं ते त्यालाच ठाऊक. तिला जरा शुद्ध आली की पुन्हा पेला तोंडाला लागायचा. असं किती दिवस चाललं, ते ग्रिसेलला सांगता येत नव्हतं, आणि त्याचीच तिला सगळ्यात जास्त लाज वाटायची. शुद्धीवर आली तेव्हा तिच्या बोटात अंगठी होती. परवाना गेलेल्या एका दारुड्या पाद्र्यानं लग्न लावलं होतं. जार्व्हिस तिच्याच पलंगावर बूट घालून बसला होता आणि दुकानाच्या किल्ल्या त्याच्या कमरेला होत्या. लग्न झालं की बाईचं दुकान, कढया, अंथरूण, सगळं नवऱ्याचं. कायदाच तसा.

ग्रिसेल टॅमसिनकडे राहायला आली आणि तिनं चर्चच्या न्यायालयात अर्ज केला, की या लग्नाला मी होकार दिलेला नाही. नाताळाआधी सुनावणी होती. होकार होता असं ठरलं, तर दुकानही गेलं आणि उरलेलं आयुष्य जार्व्हिसच्या घरात. नव्हता असं ठरलं, तर ती पुन्हा आपल्या कढयांपाशी. आणि सुनावणी तोंडावर आली असताना पेलिकनमध्ये तिचंच नाटक बसत होतं. नाव होतं 'झिंगलेली नवरी'.

टॅमसिनला सर्वात जास्त झोंबलं ते हे, की नाटक अँब्रोज वेल्डचं होतं. वेल्ड म्हणजे त्या काळी नदीच्या दोन्ही काठांवर घेतलं जाणारं नाव. खोगीर शिवणाऱ्याचा मुलगा, पण त्याच्या शब्दांनी फाशी देणारासुद्धा रडतो, असं लोक म्हणायचे. त्याच्या एका नाटकात एक गरीब धोबीण राजासमोर उभी राहून मेलेल्या मुलाचा न्याय मागते. त्या धोबिणीचं लुगडंवजा जाडंभरडं वस्त्र टॅमसिननंच शिवलं होतं, आणि प्रत्येक प्रयोगाला तो प्रवेश आला की ती विंगेत येऊन उभी राहायची. हा माणूस आपल्या बाजूचा आहे, असं तिला वाटायचं.

ती त्याच्याकडे गेली. तो एका खानावळीच्या माडीवर लिहीत बसे. तिला बघून उठला, स्टुलावरचे कागद उचलून बसायला जागा केली. बोलण्यात कुठं उणं नव्हतं. टॅमसिननं सगळं सांगितलं. तो ऐकत होता, मधे एकदा त्याचे डोळेही पाणावले. मग म्हणाला, "टॅमसिनबाई, मी फक्त पहिला अंक लिहिलाय. त्यात ती दुकानात बसलेली आहे, गिऱ्हाइकांशी नीट बोलते, नवऱ्याची आठवण काढते. त्यात एक वाकडा शब्द दाखवा, मी लेखणी मोडून टाकतो. वाइन दुसऱ्या अंकात आहे. तो माझा नाही."

घाईचं नाटक असलं की असंच व्हायचं, हे टॅमसिनला माहीत होतं. गावात एखादा खून, एखादी फाशी, एखादी लाजिरवाणी गोष्ट घडली की ती शिळी व्हायच्या आत रंगमंचावर यायला हवी; मग अंक वाटून द्यायचे आणि चार जणांनी चार ठिकाणी बसून लिहायचं.

ती दुसऱ्या अंकवाल्याकडे गेली. तो सडपातळ, खोकणारा तरुण होता. म्हणाला, मी नुसती वाइन ओतलीय. पेला ओतणं पाप असेल तर आधी सगळ्या खानावळी बंद करा. हसू आहे ते लग्नाच्या प्रवेशात, आणि तो तिसऱ्यात. तिसऱ्यावाला पूर्वी शाळेत लॅटिन शिकवायचा. त्यानं कानावर हात ठेवले. प्रवेशांचा आराखडा आपल्याला बांधून मिळाला होता, त्यात 'विधवेची उचकी हाच होकार' असं आधीच लिहिलेलं होतं, आपण त्यावर फक्त वाक्यं चढवली. आराखडा कुणाचा, तर वेल्डचा.

टॅमसिन परत माडीवर आली. या खेपेला वेल्डनं स्टुलावरचे कागद उचलले नाहीत. आराखडा माझा, हे खरं, तो म्हणाला, पण गोष्ट माझी नाही. जार्व्हिस टॅलबॉयनं मंडळीला जशी सांगितली तशी मी मांडली. आणि नाटकाचं पुस्तक दरबारच्या तपासनिसाकडून शिक्का मारून आलंय, आता त्यातला एक शब्द हलवायचा अधिकार मला नाही.

मग ती तपासनिसाच्या कचेरीतही जाऊन आली. तिथल्या कारकुनानं तिला उभ्या उभ्याच समजावलं. देवाचं नाव शपथेत वापरलेलं नाही, राजाचा उल्लेख नाही, कुठल्या वकिलातीचा अपमान नाही. विधवांविषयी काही नियम नाही.

रंगपटात परत येऊन तिनं हम्फ्रीला विचारलं, तू तरी हे नाकारशील का. त्यानं दाढीच्या जागी खाजवलं.

"मी नाही केलं तर दुसरा करील," तो म्हणाला. "माझ्याइतकं चांगलं करणार नाही, एवढाच काय तो फरक."

म्हणजे पाप होतं, पण पापाला धनी नव्हता. लिहिणाऱ्यानं लिहिलं नव्हतं, शिक्का मारणाऱ्यानं वाचलं नव्हतं, आणि करणाऱ्याला फक्त आपल्या उचक्या माहीत होत्या. एका बाईची अब्रू चौघांनी मिळून कापली, आणि प्रत्येकाच्या हातात इतकासा तुकडा की त्याला ती अब्रू वाटूच नये. टॅमसिनच्या डोक्यात हा हिशेब रात्रंदिवस घुमत होता. नोकरी सोडावी असं मनात आलं. पण घरात आता दोन तोंडं होती, आणि ग्रिसेलच्या वकिलालाही काहीतरी द्यावं लागत होतं. तिनं टोपी शिवली. टोक मात्र सरळ ठेवलं, आत कडक कापड घालून, वाकणार नाही असं.

ग्रिसेलला सांगायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. पण गावाचं तोंड कोण बांधणार. खेळ सुरू झाले तशी शिकाऊ कारागीर पोरं नाटकातलं गाणं टॅमसिनच्या गल्लीत म्हणू लागली आणि शेजारच्या पाववालीनं ते ग्रिसेलच्या कानावर घातलं, वर 'मी आपलं तुमच्या काळजीनं सांगितलं' हेही. संध्याकाळी टॅमसिन घरी आली तेव्हा ग्रिसेल चुलीपुढे वाटाण्याची पेज ढवळत होती.

"टॅमसी, उद्या मला घेऊन चल."

"कुठं?"

"तुला ठाऊक आहे कुठं."

टॅमसिननं परोपरीनं समजावलं. लोक ओळखतील, बोटं दाखवतील, जार्व्हिसच्या वकिलाला आणखी एक कोलीत मिळेल. ग्रिसेलनं पळी कढईच्या कडेला आपटून निथळली.

"माझ्या लग्नाला मी झोपलेली होते," ती म्हणाली. "एकदा जागेपणी तरी बघू दे."

दुसऱ्या दिवशी थंडी मरणाची होती, तरी पेलिकन भरलं होतं. खाली मोकळ्या आवारात उभे राहणारे एकमेकांना चिकटून ऊब घेत होते, आक्रोडांची टरफलं पायाखाली कुरकुरत होती. टॅमसिननं हम्फ्रीला कपडे घातले, त्याच्या चोळीच्या नाड्या आवळल्या आणि टोपी त्याच्या हातात देऊन, कुणाला न सांगता, मागच्या जिन्यानं वरच्या सज्जात गेली. ग्रिसेल तिथं बाकाच्या टोकाला बसली होती. डोक्यावर तीच काळी टोपी, डावीकडे ओढलेली. खाली रंगमंचाच्या अगदी जवळ जार्व्हिस उभा होता, आणि त्याच्याशेजारी खानावळवाला गिल्बर्ट. जार्व्हिस त्याला रोज घेऊन येतो, बियर पाजतो आणि पाठीवर थाप मारतो, हे टॅमसिनला रंगपटातल्या फटीतून दिसत आलं होतं. गिल्बर्ट हा त्याचा मुख्य साक्षीदार होता.

पहिला अंक वेल्ड म्हणाला तसाच होता. विधवा दुकानात बसली होती आणि तिच्या तोंडी इतकं चांगलं बोलणं होतं की आवारातल्या दोन बायकांनी डोळे पुसले. त्यामुळे पुढचं अधिकच वाईट झालं. चांगल्या बाईला चिखलात पडताना बघायला लोकांना जास्त गंमत येते. रोज हातातून निसटून पुन्हा सरळ होणारं टोपीचं टोक आज हम्फ्रीनं दुसऱ्या अंकात आत येताच मुठीत धरून जोरानं डावीकडे वाकवलं. आतलं कडक कापड मोडल्याचं टॅमसिनला वरपर्यंत जाणवलं, आणि आवारात हास्याचा लोट उसळला. ज्यांना माहीत होतं ते हसले, आणि ज्यांना नव्हतं त्यांना शेजाऱ्यानं सांगितलं म्हणून तेही हसले.

ग्रिसेल हलली नाही. पेले भरले गेले, विधवा अडखळली, नवरदेवाच्या गळ्यात पडली, पडता पडता त्याच्या खिशात हात घालून बसली. यातलं काहीएक घडलेलं नव्हतं. मग पाद्री आला. पाद्र्याचं काम करणारा नट उंच आणि गंभीर चेहऱ्याचा. त्यानं पोथी उलटी धरली, लोक हसले. सरळ केली, पुन्हा हसले. मग त्यानं आवाज चढवून विचारलं, "बाई, या पुरुषाला तू नवरा म्हणून पत्करतेस का?"

इथं हम्फ्रीनं मोठा श्वास घ्यायचा होता. ती मोठी उचकी सबंध नाटकाचा कळस होती आणि ती येण्याआधी तो मुद्दाम थांबत असे. आवारही थांबलं. त्या शांततेत वरच्या सज्जातून आवाज आला.

"नाही."

ग्रिसेल ओरडली नव्हती. बाजारात रस्त्यापलीकडच्या गिऱ्हाइकाला भाव सांगायची सवय असलेला तो आवाज होता, सरळ आणि स्वच्छ. ती उभी होती.

लोक हसले. हा नाटकाचाच भाग आहे, असं त्यांना वाटलं. पाद्र्यानं वर पाहिलं, मग हम्फ्रीकडे. त्याच्या नकलेत उचकीनंतरचं वाक्य होतं आणि उचकी आलीच नव्हती. या शब्दावर पुढं काय म्हणायचं ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. त्यानं पुन्हा तेच विचारलं.

"नाही," ग्रिसेल म्हणाली.

नवरदेव घाबरून आपलं पुढचं वाक्य आधीच बोलून मोकळा झाला. हसण्याचा सूर आता बदलला होता. काहींनी मान वळवली होती आणि कुणीतरी, अरे ही तर खरी, असं म्हणालं. जार्व्हिस मात्र हसत होता. गिल्बर्ट बियरचा मगच विसरला होता आणि आ वासून वर पाहत होता. एवढ्यात हम्फ्रीनं उचकी दिली. अनुभवी माणूस, त्याला निसटलेला खेळ सावरता येत होता. उचकी जरा दबकी आली, पण आली. पाद्र्याला वाक्य सापडलं, 'उचकी म्हणजे होकार', आणि लग्न लागलं.

ग्रिसेल खाली बसली. टॅमसिननं तिला धरून जिन्यानं उतरवलं. बाहेर नदीवरचं धुकं होतं. ग्रिसेल एवढंच म्हणाली, की आज तोंड उघडता आलं, त्या दिवशी आलं नव्हतं.

टॅमसिनला वाटलं होतं, आता तरी नाटक बंद होईल, निदान मंडळी वरमतील. दुसऱ्या दिवशी ती रंगपटात आली तेव्हा वेल्ड स्वतः तिथं हजर होता आणि खूश होता. काल असा हशा पेलिकननं ऐकला नव्हता, तो म्हणाला. त्यानं पाद्र्याच्या नकलेत दोन ओळी घालून दिल्या होत्या. वरच्या सज्जात एक माणूस बसवला होता, त्याला बायकी चिरका आवाज काढता येत होता. पाद्री विचारणार, वरून 'नाही', पाद्री पुन्हा विचारणार, वरून पुन्हा 'नाही', मग विधवेची उचकी. शिक्का मारलेल्या पुस्तकातला एक शब्द हलवायचा अधिकार वेल्डला नव्हता, पण हा शब्द आत घ्यायला त्याला कुणाला विचारावं लागलं नाही.

टॅमसिननं त्या दिवशी हम्फ्रीच्या चोळीच्या नाड्या इतक्या आवळल्या की त्याला श्वास घेता येईना. गर्दी वाढत गेली. पोरं आता रस्त्यात एकमेकांना चिरक्या आवाजात 'नाही' म्हणायची आणि पोट धरून हसायची. ग्रिसेलनं बाहेर पडणं सोडलं. तिच्याजवळ एक शब्द तेवढा शिल्लक होता. तोही त्यांनी उचलून नेला आणि त्याचं सोंग केलं.

सुनावणी कॅथीड्रलच्या एका थंड कोपऱ्यात झाली. लाकडी कठड्याआत न्यायाधीश आणि लेखनिक, बाहेर ज्यांना यायचं ते. न्यायाधीश वृद्ध होते, पायांशी निखाऱ्यांची शेगडी ठेवून बसलेले, नाटकांना कधी न जाणारे. त्यांना नाटक माहीत नव्हतं, हे नंतर सगळ्यांच्या लक्षात आलं. जार्व्हिसच्या वकिलानं गिल्बर्टला पुढं केलं. लग्न लागलं तेव्हा हा खोलीत हजर होता आणि बाईनं राजीखुशीनं होकार दिल्याचं यानं आपल्या कानांनी ऐकलं.

ग्रिसेल टॅमसिनच्या शेजारी कठड्याला धरून उभी होती. ज्या दिवशी लग्न लागलं, त्या दिवशी गिल्बर्ट खोलीत होता की नव्हता, हे तिला सांगता येत नव्हतं. टॅमसिनलाही नाही. तिथंच सगळं अडलेलं होतं.

न्यायाधीशांनी खोलीत कोण कोण होतं ते विचारलं. गिल्बर्टनं पाठ केलेलं उत्तर दिलं. तो स्वतः, जार्व्हिस, पाद्री आणि बाई. मग त्यांनी विचारलं, पाद्र्यानं प्रश्न केल्यावर बाई काय म्हणाली, तिचे शब्द सांगा.

"होकार दिला, हुजूर. म्हणजे उचकी दिली. तर पाद्री म्हणाला, उचकी म्हणजे होकार, आणि लोक हसले."

"कोण लोक?"

जार्व्हिसच्या वकिलानं घसा खाकरला.

"आम्हीच, हुजूर. आम्ही हसलो."

"उचकीआधी ती काही बोलली का? शपथेवर आहात."

शपथ म्हटल्यावर गिल्बर्टच्या कपाळावर घाम आला. तो वाईट माणूस होता, पण देवाला भिणारा होता. डोळे मिटून तो आठवू लागला. त्याला जे आठवत होतं ते त्यानं इतक्या वेळा पाहिलं होतं, की त्याच्या मनात दुसरं काही उरलंच नव्हतं.

"बोलली, हुजूर. 'नाही' म्हणाली. दोनदा म्हणाली. आवाज वरून आला."

न्यायाधीशांनी शेगडीवरचे पाय खाली घेतले. "वरून म्हणजे? बाई कुठं होती?"

"खाली, हुजूर. पडलेली."

"आणि आवाज वरून आला."

"सज्जातून," गिल्बर्ट म्हणाला. आपण काय बोललो, ते त्याच्या स्वतःच्या कानांनी त्याला सांगितलं असावं, कारण त्याचं तोंड उघडंच राहिलं.

तुमच्या खानावळीतल्या त्या खोलीला सज्जा आहे का, असं न्यायाधीशांनी विचारलं. कठड्याबाहेर कुणीतरी फसकन हसलं, आणि मग ज्यांनी ज्यांनी नाटक पाहिलं होतं ते सगळेच. लेखनिकानं न्यायाधीशांच्या कानाशी लागून पेलिकनविषयी सांगितलं. ते ऐकताना म्हाताऱ्याचा चेहरा हळूहळू लाल होत गेला. हा माणूस लग्नाला हजर नव्हता, ते म्हणाले, हा खेळाला हजर होता. पुढच्या अर्ध्या तासात गिल्बर्टनं सगळं ओकून टाकलं. तो त्या दिवशी तळघरात पिंपं मोजत होता. वर फक्त पाद्री, जार्व्हिस आणि बेशुद्ध बाई.

नाताळाच्या आदल्या आठवड्यात लग्न रद्द ठरलं. ग्रिसेल आपल्या दुकानात परत गेली. जार्व्हिसनं निम्म्या कढया विकून खाल्ल्या होत्या, त्या कुणी भरून दिल्या नाहीत. ती पहाटे चरबी कढवायची, दुपारी फळ्या लावून घ्यायची आणि गिऱ्हाइकाशी मोजकंच बोलायची. नको असलेल्या गोष्टीला ती आता 'नाही' म्हणत नसे, नुसती मान हलवायची. तो शब्द काढला की समोरच्याच्या ओठांवर हसू यायचं.

'झिंगलेली नवरी' चालूच होतं.

नाताळानंतर एका सकाळी वेल्ड रंगपटात आला. एका दरबारी सरदाराच्या वाड्यावर त्याला जायचं होतं आणि गळपट्टी नीट बसत नव्हती. टॅमसिन तोंडात टाचण्या धरून त्याच्या गळ्याभोवती चुण्या बसवू लागली. तो मान वर करून बोलत होता. ऐकलं मी, तो म्हणाला. शेवटी आमच्या नाटकानंच तुमच्या बहिणीला सोडवलं की नाही? लोक नाटकवाल्यांना उगीच नावं ठेवतात. टॅमसिनच्या तोंडात टाचण्या होत्या. तो पुढं म्हणाला, की सरदारसाहेबांनी हे नाटक आपल्या दिवाणखान्यात करायला सांगितलंय, आणि त्यांची एक हौस आहे. वरच्या मजल्यावरून 'नाही' म्हणायला त्यांना खरी विधवा हवीय. बिदागी चांगली मिळेल. "तुमचं ऐकेल ती. विचारा तिला."

टॅमसिननं शेवटची चुणी बसवली. उरलेल्या टाचण्या एकेक करून तोंडातून काढल्या आणि उशीत खोचल्या.

"नाही," ती म्हणाली.

वेल्डनं टाळी वाजवली. त्याला खरंच आनंद झाला होता. "अगदी तसंच," तो म्हणाला. "अगदी तोच सूर. घराण्यातच आहे तर."

टोपी लाकडी डोक्यावर ठेवलेली होती, टोक हम्फ्रीच्या मुठीनं कायमचं डावीकडे मोडलेलं. टॅमसिननं ती उचलली, कात्रीचं टोक शिवणीत घातलं आणि एका बाजूनं उसवत गेली. कडक कापडाचा तुटका तुकडा आतून खाली पडला. वेल्ड बघत राहिला.

"अहो, दुपारी खेळ आहे. लागेल ती."

"सापडत नाही म्हणून सांगा," ती म्हणाली. काळ्या कापडाच्या दोन्ही पाकळ्या तिनं घडी घालून चिंध्यांच्या टोपलीत टाकल्या. "कुणी नेली, म्हणून विचारलं तर सांगा, कुणीच नेली नाही. प्रत्येकानं थोडी थोडी नेली."